गोल्फमधले अव्वल खेळाडू वारा सुटला की एवढे का गडबडतात? रोज सराव असतो ना त्यांचा?

सराव असतो, पण अशा वेळी त्यांच्या कौशल्याचाच एक भाग त्यांच्यावर उलटतो. शांत हवेत उत्तम फटका म्हणजे उंच जाणारा, भरपूर बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी, असलेला. त्या फिरकीमुळे चेंडू हवेत टिकतो आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पडल्यावर फार घरंगळत नाही. वारा समोरून असेल तर चेंडूला वर उचलणारा आणि मागे खेचणारा असे दोन्ही जोर वाढतात. चेंडू नुसता वर चढत जातो आणि लक्ष्याच्या अलीकडेच कोसळतो. चिडून आणखी जोरात हाणलं तर फिरकीही वाढते, म्हणजे दुखणं बळावतं. मग लांब पल्ल्याचा क्लब (गोल्फची काठी) घेऊन हलक्या हाताने, जमिनीलगत फटका मारावा लागतो. वारा पाठीमागून असला की अंतर वाढतं खरं, पण चेंडू ग्रीनवर थांबायला तयार नसतो.

स्कॉटलंडच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या मैदानांवर, ज्यांना लिंक्स म्हणतात, वाऱ्याला अडवायला झाडं जवळजवळ नसतात आणि खालची जमीन वाळूची, टणक, उंचसखल असते. नीट मारलेला चेंडूही एखाद्या उंचवट्यावर आपटून थेट बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जातो. तिथल्याच रॉयल ट्रून मैदानाचा आठवा होल (खेळातला आठवा टप्पा) जेमतेम १२३ यार्डांचा आहे, पण ग्रीन चिंचोळं, भोवती खोल बंकर आणि वर वारा. भलेभले तिथे फसलेत.

२००२ साली टायगर वुड्स मास्टर्स आणि यूएस ओपन या मोठ्या स्पर्धा जिंकून ब्रिटिश ओपनसाठी स्कॉटलंडमधल्याच म्युअरफील्डला आला होता. शनिवारी वादळी पावसात त्याने ८१ फटके घेतले, दुसऱ्या दिवशी ६५; गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. एका रात्रीत कुणाचं कौशल्य इतकं बदलत नाही.

यात नशिबाचा वाटाही मोठा, आणि मला तो थोडा अन्यायच वाटतो. सकाळी खेळणाऱ्यांना ऊन, दुपारच्यांना वादळ, असंही होतं. २०१५ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर याच ब्रिटिश ओपनमध्ये तर ग्रीनवर ठेवलेले चेंडू वाऱ्याने आपोआप सरकू लागले, खेळ कित्येक तास थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली.

अशा मैदानांवर ताकदीपेक्षा अनुभव जास्त चालतो, असं माझं मत. २००९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये टर्नबेरीच्या मैदानावर ५९ वर्षांचा टॉम वॉटसन जवळजवळ जिंकलाच होता. शेवटच्या होलवर एक फटका जास्त गेला आणि बरोबरी फोडायच्या जादा खेळात, म्हणजे प्लेऑफमध्ये, तो स्टुअर्ट सिंककडून हरला.