अठराचे पॅनेल आणि अठराची बॅटरी

प्रश्न : स. न. वि. वि. मी दापोली तालुक्यात सुतारकाम करतो. बागायतीतल्या घरांची छपरे, माळे आणि दरवाजे यांची कामे बहुधा अशा ठिकाणी निघतात, जिथे विजेचा खांब दूर असतो किंवा वीज असून नसल्यासारखी असते. माझ्याकडे 18 व्होल्टचे ड्रिल आणि गोल करवत असून 4 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या आहेत. घरात 100 वॅटचे एक सोलर पॅनेल पडून आहे आणि त्याच्या मागच्या पट्टीवर 18 व्होल्ट असे लिहिलेले आहे. पॅनेल अठराचे, बॅटरीही अठराची, तेव्हा दोन वायरी जोडल्या की काम झाले, असे माझा मित्र सांगतो. हे बरोबर आहे का? नसेल तर घरच्या घरी काय बनवता येईल?
— एक सुतार, दापोली तालुका

उत्तर : पॅनेल बॅटरीला थेट जोडू नका. तुमच्या मित्राचा तर्क वरवर पटण्यासारखा आहे, परंतु ते दोन्ही अठरा एकाच अर्थाचे नाहीत.

पॅनेलच्या पट्टीवरचे 18 व्होल्ट म्हणजे ते जास्तीत जास्त शक्ती देत असतानाचा दाब. काहीही जोडलेले नसताना त्याच पॅनेलच्या टोकांवर 21.5 ते 22.5 व्होल्ट मिळतात. बॅटरीवरचे 18 व्होल्ट हा मात्र सरासरीचा आकडा आहे. तिच्या आत लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकाचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट धरतात आणि पूर्ण भरल्यावर तो 4.2 व्होल्टपर्यंत जातो. म्हणजे भरलेली बॅटरी 21 व्होल्टची असते आणि त्यापुढे तिला ढकलणे धोक्याचे असते. काही कंपन्या याच बॅटरीवर 20 व्होल्ट असे छापतात, त्यामुळे गोंधळात भरच पडते.

त्यातही पॅनेलचा दाब दिवसभर एकसारखा राहत नाही. मार्च महिन्यात मी गच्चीवर ठेवलेल्या 100 वॅटच्या पॅनेलला सकाळी आठ वाजता मल्टिमीटर लावला तेव्हा 21.6 व्होल्ट दिसले. दुपारी एक वाजता काचेवर तळहात दोन सेकंदही टेकवता येत नव्हता आणि आकडा 19.5 वर उतरला होता. सेल तापले की दर अंश सेल्सिअसमागे दाब सुमारे 0.3 टक्क्यांनी घटतो, त्याचा हा परिणाम. थेट जोडणीत याचा अर्थ असा होतो, की भर दुपारी बॅटरी पूर्ण भरणार नाही आणि सर येऊन गेल्यावर थंड झालेल्या पॅनेलवर कडक ऊन पडले, की तीच बॅटरी 21 व्होल्टच्या पुढे जाईल. जिथे थांबायला हवे तिथे थांबवणारे मध्ये कोणीच नसते.

हे थांबवण्याचे काम तुमचा मूळ चार्जर करतो. तो आधी ठरावीक प्रवाह देतो, 21 व्होल्ट गाठले की दाब तिथेच रोखून धरतो, प्रवाह हळूहळू कमी करतो आणि शेवटी बंद होतो. बॅटरीच्या खाचेत अधिक आणि उणे यांच्याशिवाय आणखी एक-दोन पत्र्या दिसतात, त्या नीट पाहा. त्यांच्यातून चार्जरला आतल्या थर्मिस्टरकडून सेलचे तापमान कळते आणि काही कंपन्यांच्या बॅटऱ्यांत इतर माहितीही त्याच वाटेने जाते. नुसत्या दोन वायरी जोडणारा माणूस ही देखरेखच तोडून टाकतो. पाच सेलपैकी एखादा थकलेला असेल तर एकूण दाब 20.5 व्होल्ट, म्हणजे सुरक्षित दिसत असतानाही तो एकटा 4.2 च्या वर गेलेला असू शकतो. असा सेल तापू लागला की त्याची आग शेजारच्या सेलला लागते आणि ती सहजासहजी विझत नाही. तुमच्या कामाच्या जागी पायाखाली भुसा आणि छिलपे पडलेले असतात, म्हणून हे मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

बाजारात 21 व्होल्टवर बेतता येणारी, बॅटरी-पॅनेलच्या विजेचा दाब बदलून देणारी छोटी डीसी-डीसी मॉड्यूल मिळतात आणि ती वापरून चार्जर बनवणारी जाणकार मंडळीही आहेत. परंतु त्या मॉड्यूलना सेलच्या तापमानाची माहिती नसते आणि त्यांच्यावरचा बारीक स्क्रू चुकून अर्धा वळसा फिरला तरी दाब बदलतो. ज्याच्या बॅटरीवर रोजचे पोट अवलंबून आहे, त्याने या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरी बनवायचे ते चार्जरपर्यंत वीज आणून देणारे साधन. चार्जर मूळचाच राहू द्यावा.

ते साधन असे करा. पॅनेलपासून 10 अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलकडून जास्तीत जास्त शक्ती घेऊन बॅटरी बेताने भरणारे यंत्र), त्यापुढे 12 व्होल्टची साठवणीची बॅटरी, तिच्यावर 300 वॅटचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये तुमचा चार्जर. इन्व्हर्टर घेण्यापूर्वी चार्जरच्या खालची पट्टी वाचा, कारण साधा चार्जर शंभर वॅटच्या आत भागतो, तर जलद चार्जर दोनशेच्याही पुढे जाऊ शकतो. स्वस्तातला, पायऱ्यापायऱ्यांची लाट देणारा इन्व्हर्टर घेऊ नका. त्यावर काही चार्जर गुणगुणतात, तापतात आणि अखेर जळतात. तुमच्या कंपनीचा गाडीत चालणारा 12 व्होल्टचा चार्जर मिळत असेल तर इन्व्हर्टर वगळता येईल आणि त्यात वाया जाणारी वीजही वाचेल. मात्र तो चार्जरही साठवणीच्या बॅटरीवरच लावायचा, पॅनेलवर नाही, कारण पॅनेलचे 22 व्होल्ट त्याला सोसतीलच असे नाही.

साठवणीसाठी 40 अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त पडते, परंतु ती निम्म्याहून अधिक रिकामी करू नये आणि तिचे वजन बारा-तेरा किलो भरते. तुम्हाला हे सगळे खांद्यावरून वाडीत न्यायचे आहे, म्हणून थोडे पैसे अधिक गेले तरी 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तासाची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी घ्यावी असे सुचवतो. ती अडीच-तीन किलोची असते आणि तिच्यातली बहुतेक वीज वापरता येते. कंट्रोलरवर या जातीच्या बॅटरीची सेटिंग आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या.

आता हिशेब. तुमची एक बॅटरी म्हणजे 18 गुणिले 4, अर्थात 72 वॅट-तास. चार्जर, इन्व्हर्टर आणि साठवण यांत होणारी घट धरली तर ती भरण्यासाठी पॅनेलकडून सुमारे 115 वॅट-तास यावे लागतात. कोकणात नोव्हेंबर ते मे या काळात दक्षिणेकडे तोंड करून सुमारे 18 अंशांच्या उतारावर ठेवलेले 100 वॅटचे पॅनेल धूळ आणि उष्णता धरून दिवसाला 350 वॅट-तासांच्या आसपास देते, म्हणजे रोज तीन बॅटऱ्या. पावसाळ्यात यावर विसंबू नये. आंब्याच्या झाडाखाली ठेवलेल्या पॅनेलकडून तर कोणत्याच ऋतूत अपेक्षा करू नका. सेल एका माळेत असल्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेल्या फांदीच्या सावलीनेही निम्मी वीज जाऊ शकते.

हिशेब बिघडवणारी आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. चार्जिंग संपल्यावर इन्व्हर्टर चालूच राहिला तर तो स्वतःसाठी सात-आठ वॅट घेत राहतो. रात्रभरात, बारा तासांत, ही वीज नव्वद वॅट-तासांच्या घरात जाते, म्हणजे तुमच्या ड्रिलच्या भरलेल्या बॅटरीतल्या विजेपेक्षा जास्त. हिरवा दिवा लागला की इन्व्हर्टरचे बटण बंद करण्याची सवय लावून घ्या.

जोडणीत क्रम महत्त्वाचा आहे. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. उलट केल्यास काही कंट्रोलर बॅटरीचा आधार नसताना पॅनेलचा पूर्ण दाब अंगावर घेऊन निकामी होतात. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतराच्या आत इन्व्हर्टरच्या वायरीवर 30 अँपिअरचा फ्यूज बसवा आणि ती वायर 6 चौरस मिलिमीटरची, जमेल तितकी आखूड ठेवा. कंट्रोलरच्या वायरीवर 15 अँपिअरचा फ्यूज पुरे. सगळे एका पेटीत बसवणार असाल तर पेटीला हवेसाठी भोके पाडा आणि चार्जर भुशापासून दूर, लादीवर किंवा जांभ्या दगडावर ठेवा.

प्रश्न : आम्ही द्राक्षबागेत बॅटरीवर चालणारी छाटणीची कात्री वापरतो आणि वर सांगितल्यासारखाच सोलर संच बागेत नेतो. एप्रिलच्या खरड छाटणीत बॅटरी संपली की लगेच चार्जरला लावली तर दिवा लुकलुकत राहतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीत असे फारसे होत नाही. बॅटरी गार पाण्याच्या पिशवीवर ठेवावी का?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : चार्जर बिघडलेला नाही, तो बॅटरीची काळजी घेत आहे. लिथियम-आयन सेल सुमारे 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत. एप्रिलमध्ये सावलीतही पारा 38-40 वर असतो आणि सलग काम केलेली बॅटरी त्यापेक्षा बरीच गरम असते, म्हणून चार्जर ती निवण्याची वाट पाहतो. गार पिशवी, ओले फडके किंवा फ्रीज यांपैकी काहीही वापरू नका, कारण थंड पृष्ठभागावर दव धरते आणि ते पाणी पत्र्यांवर उतरते. बॅटरी कात्रीतून काढून सावलीत, वारा लागेल अशा जागी वीस-तीस मिनिटे मोकळी ठेवावी. त्याहून चांगले म्हणजे तीन बॅटऱ्यांची पाळी ठेवावी : एक हातात, एक निवत, एक चार्जरवर. चार्जरही मांडवाच्या सावलीत असू द्या; पॅनेल तेवढे उन्हात हवे.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या 12 व्होल्टच्या निकेल-कॅडमियम ड्रिलचा चार्जर हरवला आहे. त्यालाही एवढा सगळा संच करावा लागेल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. थेट पॅनेल चालेल अशी ही एक जात आहे. त्या बॅटरीत 1.2 व्होल्टचे दहा सेल असतात आणि क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने चौदा-सोळा तास भरणे त्यांना मानवते. बॅटरी 1.5 अँपिअर-तासाची असेल तर हा प्रवाह 0.15 अँपिअर होतो आणि 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी मिळणारे 3 वॅटचे छोटे पॅनेल कडक उन्हात जवळपास तेवढाच देते. रात्री बॅटरी पॅनेलमधून उतरू नये म्हणून मध्ये एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग घाला. तीन दिवसांच्या उन्हात ती भरेल, मग आठवणीने काढून ठेवा. सेल अगदीच गेले असतील तर ते कचऱ्यात टाकू नका. कॅडमियम विषारी आहे, ते ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रातच द्या.