वेगवेगळ्या कला विभागांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून प्रयोग करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहात, नाट्य आणि नृत्य विभागातल्या मुलांबरोबर अर्ध्या तासाचा प्रयोग करायचाय, आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी संहिता हातात देऊन सांगितलं, 'मागचा पडदा तेवढा रंगवून दे.' वाचून हसूच आलं. पुण्यात पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला अगदी हेच सांगितलं होतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. संहिता पक्की झाल्यावर चित्रकाराला बोलावलं की त्याचा रंगारी होतो. तबलेवाल्याला शेवटच्या आठवड्यात बोलावलं की तो 'इथे काहीतरी वाजव' एवढ्यापुरता उरतो. म्हणून पडद्याचं काम लगेच अंगावर घेऊ नका. आठवडाभर तालमीला जाऊन नुसते बसा. वही न्या, माणसं कुठे उभी राहतात, कुठे अडखळतात ते काढा. आणि नृत्याच्या वर्गात शिरताना चपला बाहेर काढा. मी काढल्या नव्हत्या, त्यामुळे पहिले दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

आमचा प्रयोग पाडायला निघालेल्या एका वाड्याचा होता. नाट्यवाले दोघे, कथकच्या तिघी, एक तबलेवाला आणि चित्रकलेच्या आम्ही दोघी. मी हौसेनं तीन लेव्हल्स (रंगमंचावर चढून उभं राहायचे चौथरे) केल्या. खाली लाकडी चौकट, वर प्लाय, त्यावर शहाबादी फरशी वाटावी असा चकचकीत ऑइलपेंट. फोटोत काय दिसत होत्या! रंगीत तालमीला पहिली मुलगी अनवाणी चढली आणि सर्रकन घसरली. पाय थोडा मुरगळला, त्यावर निभावलं. मग दुसरीनं जपून तत्कार, म्हणजे कथकचं तालात पाय आपटणं, सुरू केला, तर पोकळ प्लायमधून असा धडधडाट निघाला की तबला ऐकूच येईना. तबलेवाल्यानं हात उचलले आणि विचारलं, 'हे नेपथ्य आहे का ढोलपथक?'

मी रडायच्या बेतात होते. रात्री बसून रंग पॉलिश पेपरनं घासला, वर साधा डिस्टेंपर मारला. दोन लेव्हल्सच्या पोटात गोणपाट आणि हॉस्टेलमधली एक जुनी गादी कोंबली. तिसरीकडे वळले तेव्हा तबलेवाल्यानं थांबवलं. तिच्यावर बोटांनी वाजवून बघितलं आणि म्हणाला, 'ही राहू दे. तुमच्या वाड्याला माडी आहे ना?'

ती लेव्हल आम्ही विंगेत नेली. कथकची एक मुलगी घुंगरू न बांधता तिच्यावर सावकाश पावलं टाकायची आणि रंगमंचावरचा नातू मान वर करून बघायचा. माडीवर आजोबा चालताहेत हे कुणाला सांगावंच लागलं नाही. संहितेत आजोबांच्या आठवणींचं एक पानभर स्वगत होतं, ते गळालं. लेखक दोन दिवस रुसला होता, पण तिसऱ्या दिवशी आला आणि त्यानं आणखी चार ओळी स्वतःच कापल्या.

भांडणं होतात का, असं विचारलंय. होतात, आणि त्यातली बरीच शब्दांवरून होतात. दिग्दर्शक म्हणायचा, 'इथे जरा थांब.' नट म्हणायचा, म्हणजे श्वास घेईपर्यंत? नर्तकी विचारायची, तालाच्या किती मात्रा? आणि मी विचारायची, किती फुटांवर? शेवटी आम्ही जमिनीवर खडूनं खुणा केल्या. एक पाऊल म्हणजे एक मात्रा, म्हणजे साधारण दोन फूट. विंगेपासून पारापर्यंत आठ मात्रा. त्यानंतर सगळ्यांचं एका आकड्यात भागलं. (ज्याची त्याची चहाची उधारी मात्र शेवटपर्यंत जुळली नाही.)

एक तांत्रिक गोष्ट, कारण चित्रकार हमखास इथे फसतो. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग रंगमंचावर तसा दिसत नाही. दिव्यापुढे लावलेल्या पिवळ्या-नारिंगी जिलेटिनच्या (रंगीत पारदर्शक कागदाच्या) प्रकाशात निळा मळकट, जवळजवळ काळा पडतो. कापडाचे वीतभर तुकडे रंगवून प्रकाशयोजना करणाऱ्याकडे न्या आणि दिव्याखाली धरून बघा, मगच मोठं काम काढा.

पुण्यात असाल तर फिरोदिया करंडकाचे प्रयोग बघून या. सत्तरच्या दशकापासून चालत आलेली ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मुळात एका प्रयोगात अनेक कला गुंफण्याचीच आहे. तिथे मुलांची अफाट ऊर्जा दिसते, आणि कधीकधी कोपऱ्यात उभं राहून कॅनव्हास रंगवणारा एक बिचारा जीवही दिसतो, ज्याचा गोष्टीशी काडीचा संबंध नसतो. आपल्या प्रयोगातून एखादी कला काढून बघा. गोष्ट तशीच्या तशी उभी राहिली तर ती कला ठिगळ होती. उलट उदाहरण हवं तर 'घाशीराम कोतवाल' हे नाटक आठवा. १९७२ साली पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद. त्यातली ओळीनं उभ्या माणसांची भिंत डुलते, गाते, लपवते, उघडते. तिला नेपथ्य म्हणायचं, नृत्य म्हणायचं की कोरस? मला तरी वेगळं काढता येत नाही.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. परीक्षा, सबमिशन आणि वार्षिक प्रदर्शनाच्या तारखा पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहा. संगीतवाल्यांचा रियाज पहाटे आणि नाटकवाल्यांचा दिवस रात्री सुरू होतो, तेव्हा तालमीची वेळ दोघांना थोडी थोडी गैरसोयीची ठेवा. लाकडाचे पैसे सगळ्यांनी मिळून काढा, नाहीतर ते तुमच्याच खिशातून जातात. पोस्टरवर कुणाचं नाव कुठे हेही तेव्हाच ठरवा, प्रयोगाच्या आदल्या रात्री नको.

आणि तो मागचा पडदा? आम्ही केलाच नाही. सभागृहाचा काळा पडदा होता, तोच चालला.