‘आमचं उत्पन्न बसत नाही, मॅडम’

ऑक्टोबरमधली दुपार होती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसली होती. बॅग मांडीवरच, खाली ठेवली नव्हती. तिनं विचारलं, “मॅडम, आत्ता ड्रॉप घेतला तर पुढच्या वर्षी पुन्हा नंबर लागेल का?”

अभ्यास जड जातोय का, म्हणून विचारलं. नाही. वर्गात कुणाचा त्रास? नाही. मग बरंच थांबून म्हणाली, “आईची चेन पतपेढीत गहाण आहे. डिसेंबरमध्ये फीचा दुसरा हप्ता भरायचाय. त्यासाठी आता घरात काही नाही.”

ड्रॉपचं तिनं घरी सांगितलं नव्हतं. रोज भांडुपहून लोकलनं यायची, लेक्चरला बसायची आणि मनात हिशोब करत राहायची. आपण शिकतोय म्हणून घर खचतंय, असं तिला वाटत होतं. अशी मुलं पैशांबद्दल विचारत नाहीत, ड्रॉपबद्दल विचारतात. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देत नाही.

“स्कॉलरशिपचा फॉर्म भरलास?”

“आमचं उत्पन्न बसत नाही.”

“कुणी सांगितलं?”

सांगितलं कुणीच नव्हतं. त्यांच्या चाळीतल्या एका मुलाला दोन वर्षांपूर्वी ‘अडीच लाखांच्या वर आहे, होणार नाही’ असं उत्तर मिळालं होतं. ते अख्ख्या चाळीनं ऐकलं आणि आपल्यालाही लावून घेतलं.

आम्ही कागद घेऊन बसलो. वडील एका खासगी कंपनीत स्टोअरकीपर, महिना २४ हजार. आई डबे करून देते, त्याचे साधारण सहा हजार. वर्षाचे झाले तीन लाख साठ हजार. म्हणजे अडीच लाखांच्या वर, हे खरंच. पण अडीच लाख ही अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा आहे. ही मुलगी ओबीसी, आणि तिचा प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. आधी ती पन्नास टक्के होती. अट दोनच गोष्टींची मोठी : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको.

तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, “पण आमच्याकडे नॉन क्रिमीलेअर आहे, तेव्हा कुणी काही बोललं नाही.” हाही नेहमीचा गोंधळ. नॉन क्रिमीलेअर म्हणजे आपण ओबीसीतल्या प्रगत घरांत मोडत नाही, याचा दाखला. त्यात उत्पन्न मोजण्याची रीत वेगळी आहे, पगार धरत नाहीत. फीच्या सवलतीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा काढावा लागतो, आणि त्यात आई-वडील दोघांची कमाई येते. प्रवेशाच्या धावपळीत तो राहिला, कॉलेजच्या खिडकीवर ‘आधी भरा, मंजूर झालं की बघू’ म्हणाले, आणि चेन पतपेढीत गेली.

बारावीला तिला चांगले गुण होते, म्हणून केंद्र सरकारची योजनाही पाहिली. बोर्डाच्या यादीत वरच्या वीस टक्क्यांत असलेल्यांना, घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार मिळतात. पण ती घेतली तर दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेता येत नाही. तिच्यासाठी फी माफीच मोठी. हे आधी ताडून पाहायला हवं, कारण उत्साहानं दोन्हीकडे अर्ज टाकणारी मुलं नंतर अडकतात.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. अवघड निघाले तिचे बाबा.

दाखल्याचं नाव काढताच घरी वाद झाला. मी त्यांना बोलावलं. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीच्या कडेवर बसले. “मॅडम, आम्ही आजवर कुणापुढे हात पसरला नाही. मी काम करतो. मुलीसाठी गरिबीचा दाखला काढू? ऑफिसात पगाराचं पत्र मागायला गेलो तर साहेब काय म्हणतील?”

मी त्यांना शासन निर्णय दाखवला नाही. ते हट्टानं बोलत नव्हते. गावाहून येऊन, भाड्याच्या खोलीत राहून, कर्ज न करता संसार उभा केलेला माणूस होता तो. त्यांच्या अभिमानावरच ते घर उभं होतं, त्याला मी धक्का का लावू?

विचारलं, “तुमच्या पगारातून पीएफ कापतात?”

“कापतात.”

“काढायला फॉर्म भरावा लागेल तेव्हा हात पसरल्यासारखं वाटेल?”

“तो माझा हक्काचा आहे.”

“हेही हक्काचंच आहे. दाखल्यावर गरीब असा शब्द कुठे नसतो. त्यावर फक्त उत्पन्न लिहिलेलं असतं, आणि तुमचं उत्पन्न तुम्ही कष्टानं मिळवलंय.”

ते काही बोलले नाहीत. मग मी त्यांना एवढंच सांगितलं की, तुमची मुलगी कॉलेज सोडायचं म्हणतेय. त्यांनी मान वर केली. हे त्यांना माहीत नव्हतं. सांगायची परवानगी मी मुलीकडून आधी घेतली होती, ती बाहेर बाकावर बसली होती. बाबा उठून बाहेर गेले आणि तिच्या शेजारी बसले. मी दार लोटून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मुलीचा मेसेज आला : बाबा अर्धी रजा टाकून सेतू केंद्रात गेलेत, पगाराचं पत्रही आणलंय.

मग महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज. जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्न, अधिवास, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, बारावीची गुणपत्रिका. सगळं स्कॅन करताना तिच्या आधारवर नावाचं स्पेलिंग गुणपत्रिकेपेक्षा वेगळं निघालं, ते दुरुस्त करण्यात दिवस गेले. आणि एक गोष्ट मी प्रत्येक मुलाला आवर्जून तपासायला लावते : आधार नेमकं कुठल्या बँकेला जोडलेलं आहे. सरकारी पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं गेलंय (त्याला सीडिंग म्हणतात) तिथे जातात. हिचं निघालं शाळेत असताना काढलेल्या, कधीच न वापरलेल्या खात्याला. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत कळते. बँकेत जाऊन तिनं संमतीचा फॉर्म भरला.

फी माफीत सगळं येत नाही, हेही तिला आधीच सांगितलं. विकास शुल्क, पुस्तकं, पास हे उरतंच. पुस्तकांसाठी सिद्धिविनायक मंदिर न्यासाची पुस्तकपेढी सुचवली. तरीही कमी पडलं तर शैक्षणिक कर्जाला घाबरू नकोस म्हटलं, पण आधी माफी, मग कर्ज. घरोघरी हा क्रम उलटा होतो. आणि अर्ज दरवर्षी नव्यानं भरायचा असतो, तो पहिल्या वर्षीच्या भरवशावर सोडायचा नाही.

डिसेंबरचा हप्ता तिला भरावा लागला नाही. चेन अजून पतपेढीतच आहे, व्याज चालू आहे. पण ड्रॉपचा विषय पुन्हा निघाला नाही.

जानेवारीत तिचे बाबा न सांगता आले. एकटे नव्हते. सोबत चाळीतला तोच मुलगा होता, ज्याला अडीच लाखांचं कारण सांगितलं होतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलं तरी त्याच्यासाठी फ्रीशिप असते, शिक्षण आणि परीक्षा फीसाठी. त्याला ती कुणी सांगितलीच नव्हती. दोन वर्षांची फी घरच्यांनी भरून टाकली होती. तीही परत मिळेल असं मी त्याला म्हणू शकले नाही.

बाबांनी त्याच्या हातातली फाईल घेतली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “उत्पन्नाचा दाखला आणलाय मॅडम. परवा मीच गेलो होतो याच्याबरोबर.”