मुलांना पॉप आर्टची ओळख घरच्या घरी कशी करून द्यावी? (वय 7-8, सोपे प्रोजेक्ट हवेत)

रंगवायला देऊ नका, छापायला द्या. पॉप आर्टच्या नावाखाली छापील चित्रांत भडक रंग भरून घेतले जातात. त्यात हात रमतो, पण पॉप आर्ट कळत नाही. जाहिराती, कॉमिक्स, डबे-बाटल्यांची लेबलं अशा रोजच्या छापील गोष्टी पॉप आर्टच्या चित्रकारांनी उचलल्या आणि त्यांचा छापीलपणाही ठेवला. मुलांना तो छापूनच कळतो.

आधी अमेरिकन पॉप आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलचं 1962 सालचं ‘मॅरिलिन डिप्टिक’ (डिप्टिक म्हणजे दोन भागांचं चित्र) दाखवा. अभिनेत्री मॅरिलिन मन्रोचा एकच चेहरा 50 वेळा, डावीकडे रंगीत, उजवीकडे काळा-पांढरा. उजव्या भागात एके ठिकाणी शाई जास्त झाल्याने चेहरा काळवंडलाय, पुढे पुसट होत गेलाय. ते मुलांनाच शोधू द्या.

मग ठसा. विषय घरातला आणि साध्या आकाराचा असावा: चप्पल, किल्ली, टूथब्रश. 2 मिमी जाडीच्या क्राफ्ट फोमचा 8 × 8 सेंमी तुकडा जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, नाहीतर दाबताना तो वाकतो. त्यावर बोथट पेन्सिलने किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने चित्र कोरायचं. रेघ बोटाला खोलगट लागली पाहिजे. वरवरची रेघ रंगाने बुजते आणि कागदावर नुसता रंगीत चौकोन उठतो. अक्षरं असतील तर ती उलटी कोरावी लागतात, म्हणून पहिल्या ठशात अक्षरं नकोतच.

कागद जाड घ्या, ए4 कार्डशीट चालेल. घडी घालून त्याचे चार भाग करा आणि प्रत्येक भाग वेगळ्या रंगाने सपाट रंगवा: पिवळा, केशरी, गुलाबी, आकाशी. हा थर पूर्ण वाळू द्या. इथे मुलं हमखास घाई करतात आणि दोन रंग मिसळून चिखल होतो. छापायला घट्ट अ‍ॅक्रिलिक वापरा. पोस्टर कलर असेल तर पाणी अजिबात घालू नका, पातळ रंग कोरलेल्या रेघांत उतरतो. स्पंजने टिपत टिपत रंग लावायचा. ठशावर रंगाचं तळं चमकलं तर तो जास्त झाला. ठसा उलटा ठेवून मागून तळव्याने सगळीकडे सारखा दाबा, आणि न सरकवता सरळ वर उचला. पिवळ्यावर जांभळा, केशरीवर निळा अशा विरुद्ध जोड्या उठून दिसतात. रंग बदलताना ठसा ओल्या फडक्याने लगेच पुसा, अ‍ॅक्रिलिक वाळलं की रेघा कायमच्या बुजतात.

एक ठसा पुन्हा रंग न लावता सलग दोन-तीनदा उमटवून पाहा. तो फिका होत जातो, तेव्हा वॉरहॉलच्या चित्रातले उजवीकडचे ते पुसट चेहरे परत समोर ठेवा. थोडा तिरका किंवा अर्धवट उठलेला ठसा पालकांनी ब्रशने ‘नीट’ करायला जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती.

दुसरा प्रोजेक्ट ठिपक्यांचा. रॉय लिक्टनस्टाइन या दुसऱ्या पॉप आर्ट चित्रकाराने कॉमिक्सच्या स्वस्त छपाईतले ठिपके मोठे करून रंगवले. सुरुवातीला त्यासाठी त्याने कुत्र्याचे केस विंचरायचा ब्रश रंगात बुडवून वापरला, हे ऐकून मुलं खूश होतात. घरी पंचिंग मशीनने कार्डशीटच्या पट्टीत एका ओळीत, साधारण 1 सेंमी अंतराने भोकं पाडा. पंच कडेपासून फार आत पोचत नाही, म्हणून पट्टीच हवी. पट्टी मुलाने काढलेल्या चित्रावर धरून जवळजवळ कोरड्या स्पंजने टिपायचं. पुढची ओळ अर्ध्या अंतराने सरकवली की छपाईसारखी जाळी तयार होते. रंग पट्टीखाली पसरत असेल तर स्पंज आधी रद्दी कागदावर टिपून घ्या. चेहऱ्याला लाल ठिपके, आकाशाला निळे, बाकी सपाट पिवळा. जाड काळी बाह्यरेषा सगळ्यात शेवटी, रंग वाळल्यावर. ओल्या अ‍ॅक्रिलिकवर फिरवलं तर मार्करचं टोक बाद होतं.

दोन्ही एकाच दिवशी करू नका. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर कोरायचं काम सोडून द्या. फोमचाच आकार कापून पुठ्ठ्यावर चिकटवून द्या आणि त्याला फक्त छापू द्या.