‘मले’ म्हणणारा मुलगा

प्रश्न : आम्ही मूळचे यवतमाळचे. माझ्या पतींच्या नोकरीमुळे गेल्या जूनमध्ये आम्ही पुण्यात आलो. मुलगा आठ वर्षांचा असून एका खासगी शाळेत तिसरीत शिकतो. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ असे शब्द त्याच्या तोंडी सहज येतात आणि तेवढ्यावरून चौथीतली तीन-चार मुले दिवाळीपासून त्याच्या मागे लागली आहेत. ती त्याची नक्कल करतात, त्याला ‘गावठी’ म्हणून हाक मारतात, डबा हिसकावून घेतात. एकदा तर त्यांनी त्याचा शर्ट पाण्याने भिजवला आणि तो तसाच वर्गात बसून राहिला. वर्गशिक्षिकांच्या मते ही मुलांची मस्करी आहे आणि आमचा मुलगाच जरा हळवा आहे. पतींचे म्हणणे असे की त्यानेही एकदा दोन ठेवून दिल्या की सगळे थांबेल. मी मात्र आता घरातही ‘मला’ म्हण, असे त्याला टोकू लागले आहे. रोज सकाळी त्याचे पोट दुखते आणि घरी आल्यावर बूटही न काढता तो आधी संडासाकडे धावतो. त्या मुलांना शाळेतून काढण्याची मागणी करावी, की आपणच शाळा बदलावी?
— एक आई, पुणे

उत्तर : मुलगा घरी येताच बूट न काढता धावतो, हे तुम्ही अगदी ओघात लिहिले आहे; माझ्या मते पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. तो बहुधा शाळेच्या स्वच्छतागृहात जाणेच टाळत असावा आणि शर्ट भिजण्याचा प्रकारही तिथल्या नळाजवळच घडला असण्याची शक्यता आहे. दिवसभर लघवी आणि शौच रोखून धरणाऱ्या मुलांना बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो आणि त्यातून खरोखरीची पोटदुखी सुरू होते. ती शाळा चुकवण्याची सबब आहे असे गृहीत न धरता त्याला आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

त्यानंतर त्याच्याशी बोला; पण ‘तू का ऐकून घेतोस?’ असे विचारू नका, कारण या प्रश्नात दोष त्याच्याकडे जातो. ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ एवढेच विचारा. दोघांनी मिळून कागदावर शाळेचा नकाशा काढावा आणि जिथे जायला नको वाटते तिथे त्याने लाल पेन्सिलीने खूण करावी. असा त्रास बहुतेक वेळा मोठ्या माणसांचे लक्ष नसते तिथेच होतो : मधल्या सुट्टीत, जिन्यात, व्हॅनच्या मागच्या बाकावर. तुमच्या हातात असा नकाशा असेल, तर शाळेशी होणारे बोलणे ‘तुमची मुले वाईट आहेत’ यावर न अडकता ‘या जागी या वेळी कोणी का नसते?’ इथून सुरू होईल.

हळवेपणाचा मुद्दा मला मान्य नाही. नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी शाळेतील छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. तिसरीतला एकटा मुलगा, चौथीतली तीन-चार मुले आणि दिवाळीपासूनचा काळ पाहता तिन्ही खुणा इथे दिसतात. नॉर्वेत 1983 मध्ये शाळांमधून जी मोहीम सुरू झाली, त्यातील ओल्वेयस यांच्या कार्यक्रमात सुट्टीच्या वेळी शिक्षकांनी नीट लक्ष ठेवण्यावर भर होता. तुमच्या पतींच्या सल्ल्यामागची तळमळ मी समजू शकते, परंतु चौघांसमोर एकट्याने हात उचलला तर मार त्यालाच बसेल आणि शिक्षकांच्या नजरेत पडेल तोही त्याचाच हात. त्यापेक्षा तिथून निघून सरळ मोठ्या माणसाकडे जाणे आणि ते सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हे त्याला घरात वारंवार सांगावे लागेल.

त्या मुलांना काढून टाकण्याची मागणी करू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही; आणि कायदा नसता तरी ती नऊ-दहा वर्षांची मुले आहेत. फाटकाशी त्यांना किंवा त्यांच्या पालकांना गाठून जाब विचारणेही टाळा. मुख्याध्यापकांना तारखा, जागा आणि काय घडले एवढेच नमूद करणारे पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाजवळ कोण उभे राहील व पंधरा दिवसांनी आढावा कोण घेईल, हे दोनच प्रश्न त्यात विचारा. तरीही दाद लागली नाही, तर 2022 च्या शासन निर्णयानुसार मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असावयाची सखी सावित्री समिती आहे, त्यानंतर शिक्षणाधिकारी आहेत, आणि मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही आहे. शाळा बदलण्याचा विचार हे सारे झाल्यावर करावा, कारण नव्या शाळेतही तो ‘मले’च म्हणणार आहे.

थोडे कठोर वाटेल, पण घरात त्याला टोकणे आजपासून बंद करा. शाळेतली मुले जे हसून सांगतात, तेच आई प्रेमाने सांगू लागली तर त्याने कुठे बोलावे? प्रमाण मराठी तो पुस्तकातून आणि वर्गातून शिकेलच, आणि मुलांना दोन बोली सहज पेलतात. मराठीतले आद्य गद्य चरित्र वऱ्हाडातल्या रिद्धपूरला लिहिले गेले, ही गोष्ट त्याला नव्हे, तर त्याच्या वर्गशिक्षिकांना सांगा. प्रत्येकाने आपल्या आजीचा एक शब्द वर्गात आणायचा, असा एखादा तास त्यांनी घेतला तर उत्तमच; मात्र त्यात त्याला एकट्याला उभे करू नये, अशी विनंती आधीच करून ठेवा.

पत्र, पोच, आढावा या गोष्टींना वेळ लागेल. तोपर्यंत मधल्या सुट्टीऐवजी तास चालू असताना त्याला स्वच्छतागृहात जाऊ द्यावे, एवढे वर्गशिक्षिकांकडे उद्याच मागा. ही परवानगी त्या स्वतःच्या अधिकारात देऊ शकतात.