सोयाबीन वाळवण्याचं शास्त्र शिकायचं, तर शाखा कोणती?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. परतीच्या पावसात आमचं मळलेलं सोयाबीन भिजलं, पोत्यात बुरशी आली. तेव्हापासून तिनं फ्लुइडाइज्ड बेड ड्रायरचा ध्यास घेतलाय, ‘यातच करिअर करणार’ म्हणते. कोर्स कोणता घ्यावा? नोकरी मिळेल का? आणि असं यंत्र आपणच घ्यावं का? – एक पालक, शिरोळ तालुका

नमस्कार,

मुलीनं नेमका विषय धरलाय. आधी यंत्राचं सांगतो, कारण शाखा त्यावरूनच ठरते.

भोकांच्या पत्र्यावर दाण्यांचा साधारण 10 सेंटिमीटरचा थर असतो आणि खालून ब्लोअर गरम हवा सोडतो. हवेचा वेग वाढवत नेला की एका टप्प्याला ती थराचं वजन पेलते. दाणे सुटे होतात आणि आधण आल्यासारखे खळबळू लागतात. प्रत्येक दाण्याला चारी बाजूंनी हवा मिळते, म्हणून वरवरचा ओलावा काही मिनिटांत उडतो.

आता हिशेब बघा. एक चौरस मीटर पत्र्यावर 10 सेंटिमीटर सोयाबीन म्हणजे सुमारे 72 किलो. ते पेलायला 72 मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब लागतो. पत्रा, डक्ट (हवेची नळी) आणि सायक्लोन (हवेतला भुसा-धूळ वेगळी करणारं नरसाळं) यांचा अडथळा धरून 130 मिलिमीटर समजा. वेग सेकंदाला 2 मीटरच्या आसपास. मोटर साडेसात एचपीची येते, म्हणजे विहिरीवरच्या पंपाएवढी, आणि यंत्रात एका वेळी माल जेमतेम एक पोतं! हवा तापवायचा खर्च वेगळाच.

बिघडतं कुठे? फार ओले दाणे एकमेकांना चिकटतात. मग हवा एकाच वाटेनं निसटते आणि बाकीचा थर ओलाच राहतो. भोकं मोठी ठेवून पत्र्याचा अडथळा अगदी कमी केला तरी हेच होतं. शिवाय वरचं पाणी गेल्यावर आतलं पाणी आपल्याच गतीनं बाहेर येतं, कितीही जोरात हवा मारली तरी ते लवकर येत नाही. म्हणून भात या यंत्रात साधारण 18 टक्के ओलाव्यापर्यंतच उतरवावा, अर्धा तास झाकून ठेवावा आणि पुढे मंद हवेनं 14 टक्क्यांवर आणावा. एका दमात वाळवला तर गिरणीत कणी पडते. आजरा घनसाळसारख्या सुवासिक भाताची कणी झाली तर पैसाच गेला. सोयाबीनची तऱ्हा वेगळी. तापवलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली गेली की साल तडकते. बियाण्याला 40 अंशांपेक्षा गरम हवा देऊच नये, उगवण जाते. आणि दाणे गरम असतानाच पोतं शिवलं तर आत घाम सुटतो, पुन्हा बुरशी.

मुलीला एक गणित घाला. 18 टक्के ओलाव्याचं 100 किलो सोयाबीन 12 टक्क्यांवर आणायचं, तर पाणी किती काढायचं? बहुतेकजण 6 किलो म्हणतात. पण कोरडा भाग 82 किलो कायम राहतो. त्याला 0.88 नं भागलं की 93.2 किलो येतात, म्हणजे पाणी 6.8 किलो. हे सोडवताना तिला गोडी लागली, तर ती या वाटेवर टिकेल. नुसत्या पदार्थांची आवड असेल, तर फूड सायन्सची वाट वेगळी आहे.

तेव्हा गणित अजिबात सोडू देऊ नका. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेला पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) ग्रुप द्यायला लावा. माझी पहिली पसंती बी.टेक. कृषी अभियांत्रिकीला, कारण प्रक्रिया अभियांत्रिकीत धान्य वाळवणं हा मुख्य विषय असतो. त्यासाठी जवळच तळसंद्याचं कॉलेज आहे, पुढे राहुरीचं कृषी विद्यापीठ. फूड टेक्नॉलॉजी घेतलं तरी चालेल, पण उष्णता आणि वस्तुमान स्थानांतरण (उष्णता दाण्यात कशी जाते, ओलावा बाहेर कसा येतो) हे विषय पक्के हवेत. पुढे शिकायचं ठरलं, तर तंजावरचं निफ्टेम आणि म्हैसूरचं सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञानाच्या संस्था लक्षात असू द्या.

नोकरीसाठी केवळ धान्यावर अवलंबून राहायला नको. बियाणे प्रक्रिया केंद्रं आणि डाळ मिल आहेतच. दूध पावडर आणि औषधांच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यांतही हेच तत्त्व वापरतात. आणि ब्लोअर, पत्रा, डक्ट जिथं घडतात त्या कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती तर आपल्या दारातच! सुट्टीत महिनाभर एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये तिला पाठवा. पंख्याचं पातं थोडं वाकलं तर हवा किती घटते, हे तिथंच कळतं.

यंत्र मात्र आत्ता घेऊ नका. तीन-चार एकरांच्या मालाला ते परवडत नाही, शेतकरी कंपनीनं मिळून घेतलं तर गोष्ट वेगळी. यंदा चांगली ताडपत्री आणि ओलावामापक घ्या. दाणे पातळ पसरा, तासातासाला हलवा, संध्याकाळ व्हायच्या आत झाका. प्रत्येक ढिगाच्या तीन-चार ठिकाणचा ओलावा मुलीलाच मोजू द्या आणि वहीत मांडून ठेवू द्या. सगळीकडे 12 टक्के किंवा त्याखाली आलं, दाणे थंड झाले, की मगच पोती भरा.