टप नवा, पाणी तेच

प्रश्न : मी नाशिकला राहतो. हौस म्हणून दोन दारांची, कापडी टपाची जुनी गाडी घेतली. टप शिवणीवर विरला होता, पावसात पाणी आत यायचं. गेल्या वर्षी मे महिन्यात मुंबईतल्या एका गॅरेजकडून नवा टप बसवून घेतला. १ लाख ४० हजार ठरले. ८० हजार यूपीआयने दिले, ३० हजार रोख, ३० हजार अजून द्यायचे आहेत. जूनच्या पहिल्याच पावसात ड्रायव्हरच्या पायाशी तळं. दोनदा गाडी नेली, दोनदा सिलिकॉन फासून परत दिली. यंदाही तेच, शिवाय सीटखालचं सर्किट गेलं. आता गॅरेजवाला म्हणतो, "पाणी कापडातून नाही, नाल्यांतून येतंय. रबरं आणि नाल्यांचे ४५ हजार वेगळे." बिलावर 'गळतीची हमी नाही' असं छापलेलं आहे. पोलिसांत जाऊ का? की दुसरीकडे दुरुस्त करून खर्च वसूल करू? मित्र म्हणतो, फायबरचा पक्का टपच बसव.

उत्तर : दुसऱ्या गॅरेजात गाडी एवढ्यात उघडू नका. टप सैल केला, रबर बदललं, की पाणी कुठून येत होतं हे सिद्ध करायचा मार्ग संपला. तुमचं सगळं प्रकरण त्याच एका गोष्टीवर उभं आहे.

माझ्याकडे गाड्यांपेक्षा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची भांडणं जास्त येतात. ठेकेदार दर वेळी हेच सांगतो : माझा थर बरोबर आहे, पाणी पाइपाच्या कडेनं उतरतंय. कधीकधी ते खरंही असतं. तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणंही हवेतलं नाही. अशा गाडीत टपावरचं पाणी कडेच्या पन्हळीत उतरतं आणि बारीक नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पाल्यापाचोळ्यानं तुंबल्या की कापड कोरं असलं तरी पाणी गालिच्याखाली साचतं. समोरच्या काचेच्या वरचं रबर, दारांच्या बिनचौकटीच्या काचा नीट न बसणं, मागची काच कापडाला जिथे चिकटवतात तो जोड, या आणखी वाटा.

पण कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही त्याला काय करायला सांगितलं होतं? 'कापड बदला' की 'पाणी थांबवा'? व्हॉट्सअॅपवरची सुरुवातीची बोलणी काढा. 'पाणी येतंय, काय करावं लागेल?' असं तुम्ही विचारलं असेल आणि 'टप बदलला की प्रश्न मिटला' असं उत्तर असेल, तर गळती थांबवणं हेच काम ठरलं होतं. तसं लेखी नसलं तरी, टप बसवणाऱ्याने बसवताना पन्हळ आणि रबर तपासायला हवं होतं, निदान 'ही बदलावी लागतील' असं तेव्हाच सांगायला हवं होतं. हे न करणं म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली 'सेवेतली त्रुटी'. दोनदा सिलिकॉन लावून दिलं, तेव्हा 'हे आमचं काम नाही' असं तो म्हणाला नाही, ही गोष्ट तुमच्या बाजूची.

बिलावरच्या छापील ओळीला फार घाबरू नका. बिल काम झाल्यावर हातात पडलं. करार आधीच झालेला होता, त्यात ही अट नंतर घुसवता येत नाही. मात्र गाडी कामाला देताना गॅरेजवाला भरून घेतो त्या जॉब कार्डावर तीच ओळ असेल आणि खाली तुमची सही असेल, तर मामला जरा अवघड होतो. तो कागद शोधा.

आता चाचणी. गॅरेजला लेखी कळवा की अमुक तारखेला, अमुक वेळी गाडीची पाण्याची चाचणी आहे, हजर राहा. आला तर ठीक, नाही आला तर त्याची गैरहजेरीही नोंदवून ठेवा. विमा कंपन्यांची कामं करणारा परवानाधारक सर्वेक्षक किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअर बोलवा, फी द्या, सहीचा अहवाल घ्या. गालिचा वर करून खाली वर्तमानपत्र पसरायचं, एक जण आत टॉर्च घेऊन बसेल. बाहेरून नळी कमी धारेने, खालून वर जायची : आधी पन्हळीत मगभर पाणी, मग दाराच्या काचेची कड, मग समोरचं रबर, सर्वांत शेवटी कापड आणि शिवण. प्रत्येक जागी दहा मिनिटं थांबायचं. उलटं केलंत, आधी टपावर पाणी सोडलंत, तर ते सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. सगळ्याचा सलग व्हिडिओ हवा. तो आणि व्हॉट्सअॅपचे संदेश दाखल करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

तोवर गाडी छपराखाली ठेवा, नाहीतर ताडपत्री घाला. नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी. उद्या आणखी एक सर्किट गेलं तर 'उघड्यावर का ठेवली?' हे ऐकावं लागेल.

अहवाल हातात आला की पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. कायद्यानं ती सक्तीची नाही, पण अर्धी भांडणं तिथंच मिटतात. दुरुस्ती फुकट करून द्या किंवा पैसे परत करा, सर्किटचा खर्च द्या, एवढंच मागा. उरलेले ३० हजार गळती थांबल्यावर देऊ, असं त्यात स्पष्ट लिहा. आणि एक जपा : वाद मिटेपर्यंत गाडी पुन्हा त्याच्या ताब्यात देताना 'ही विनामूल्य दुरुस्ती आहे' असं लेखी घ्या. कामाची मजुरी थकली असेल तर वस्तू अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याचं कलम १७० कारागिराला देतं.

नोटिशीचा उपयोग झाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मुंबईला खेटे घालायची गरज नाही, २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकला, तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार ऑनलाइन दाखल होते, वकील लागतोच असं नाही. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये पक्कं केलं आहे. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त धरून चला. मुदत दोन वर्षांची. 'तो दुरुस्त करतो म्हणाला होता' या भरवशावर राहू नका, मे महिन्यात गाडी ताब्यात आली तो दिवस धरून मोजा. त्या ३० हजार रोखीची पावती नसेल तर 'एकूण इतके मिळाले' असं त्याच्याकडून संदेशात कबूल करून घ्या, तेही आत्ताच, बोलणं तुटण्याआधी.

पोलिसांचं म्हणाल तर नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ची फसवणूक म्हणजे पैसे घेतानाच मनात खोट हवी. काम वाईट झालं ही फसवणूक नव्हे. ठाण्यात 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतील आणि तुमचा दिवस जाईल. विमा कंपनीकडूनही आशा ठेवू नका, झीज आणि नेहमीचा बिघाड पॉलिसीत बसत नाही.

राहिला मित्राचा फायबरचा टप. कापडाच्या जागी तसंच कापड ही दुरुस्ती. कापडाच्या जागी कंपनीनं कधी न दिलेला पक्का टप हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल ठरू शकतो, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना नकार दिला आहे. आरटीओत विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. शिवाय जुना टप काढून टाकलात तर आयोगासमोर दाखवणार काय?